घरात आणलेले यंत्र कोणाच्या सेवेत आहे?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. इंटरनेटला जोडल्याखेरीज धड चालत नाहीत अशी उपकरणे घरोघरी आली आहेत आणि ती जोडल्यावर घरातली कोणती माहिती कुठे जाते, या प्रश्नाने अनेक वाचक अस्वस्थ आहेत. सर्वांना स्वतंत्र उत्तर देणे शक्य नसल्याने चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : दिवाळीत आम्ही मोठा स्मार्ट टीव्ही घेतला. तो सुरू करताना अटींची पाने एकामागून एक येत गेली. सगळी इंग्रजीत, अक्षर बारीक, आणि ‘मान्य’ केल्याशिवाय पुढे जाता येईना. बसवायला आलेला मुलगा म्हणाला, “काका, सगळ्याला ओके करा, सगळेच करतात.” मग त्यानेच रिमोट घेऊन भराभर बटणे दाबली. माझी पत्नी गुडघेदुखीसाठी टीव्हीवर व्यायामाचे व्हिडिओ पाहते. आठवड्याभरात माझ्या मोबाइलवर गुडघ्यांच्या तेलाच्या आणि पट्ट्यांच्या जाहिराती येऊ लागल्या. टीव्ही आमचे बोलणे ऐकतो का? पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने आमच्यावर नजर का ठेवावी? — एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आधी जाहिरातींविषयी. तुमच्या टीव्हीवर आणि मोबाइलवर एकच गूगल खाते असेल, तर पत्नीने पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद त्या खात्यात होते आणि त्यावरून मोबाइलवर जाहिराती येऊ शकतात. याचा अर्थ टीव्हीने तुमचे बोलणे ऐकले असेलच असे नाही, बहुधा नसावेच. टीव्हीवर वेगळे खाते वापरून आणि खात्याच्या सेटिंगमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद बंद करून काय फरक पडतो ते पाहावे.

परंतु तुमच्या मूळ शंकेला आधार आहे. बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चालले आहे ते ओळखणारी एक व्यवस्था असते. ती पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे नमुने अगदी थोड्या थोड्या वेळाने घेते, त्यांचा संक्षिप्त ठसा तयार करते आणि कार्यक्रम, चित्रपट व जाहिराती यांच्या ठशांच्या मोठ्या संग्रहाशी तो जुळवून पाहते. ठसा पडद्यावरून घेतला जात असल्यामुळे कार्यक्रम केबलच्या पेटीतून आला की एचडीएमआय तारेने जोडलेल्या लॅपटॉपवरून, याने अनेकदा फरक पडत नाही. ही माहिती तुमच्या घराच्या इंटरनेट पत्त्याशी जोडली जाते आणि त्याच वायफायवर असलेले मोबाइलही त्याच पत्त्याने ओळखले जातात. एका खोलीतला टीव्ही आणि दुसऱ्या खोलीतला मोबाइल यांचा संबंध असाही लागू शकतो.

हा केवळ तर्क नाही. अमेरिकेतील व्हिझिओ या टीव्ही कंपनीविरुद्ध ग्राहकांचे हित पाहणारी तेथील सरकारी संस्था फेडरल ट्रेड कमिशन आणि न्यू जर्सी राज्य यांनी केलेली कारवाई फेब्रुवारी २०१७ मध्ये २२ लाख डॉलरच्या तडजोडीने संपली. २०१४ पासून सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर काय पाहिले जाते त्याची सेकंदासेकंदाची नोंद कंपनीने ग्राहकांच्या संमतीशिवाय घेतली, घराच्या इंटरनेट पत्त्यासह ती इतरांना विकली आणि त्या घरातील माणसांचे वय, लिंग, उत्पन्न, वैवाहिक स्थिती अशा तपशिलांशी ती जोडण्याची सोय करून दिली, असा आरोप होता. ज्या सेटिंगखाली हे चालत होते, त्याच्या नावावरून त्याचा हेतू कोणाच्याही लक्षात आला नसता.

पूर्ण पैसे मोजल्यावरही हे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याच कंपनीच्या तांत्रिक प्रमुखांनी २०१९ मध्ये जाहीरपणे दिले. टीव्हीच्या विक्रीत नफा फार थोडा उरतो आणि विक्रीनंतर जाहिराती व माहिती यांतून मिळणारे उत्पन्न त्याला हातभार लावते, असे त्यांनी सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने सुमारे २३० कोटी डॉलर देऊन व्हिझिओ विकत घेतली, ती प्रामुख्याने टीव्हीवरील जाहिरातींच्या व्यवसायासाठी. दुकानात तुम्ही दिलेली रक्कम ही त्या टीव्हीची पूर्ण किंमत नव्हती आणि उरलेली किंमत रोज संध्याकाळी तुमच्याकडून वसूल होणार आहे, हे कोणी तुम्हाला सांगितले नाही. माझा मुख्य आक्षेप नेमका येथे आहे. खोके फुटले, जुना टीव्ही बदलीत गेला, नवा भिंतीवर चढला, आणि मग अटी समोर आल्या. अशा वेळी ‘नाही’ म्हणण्याची खरी मोकळीक माणसाला उरत नाही, आणि तिच्याविना घेतलेल्या होकाराला मी संमती मानत नाही. तुमच्या बाबतीत तर तो होकार तुम्ही दिलेलाही नाही. बटणे दुसऱ्याने दाबली.

आता उपाय. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गोपनीयता किंवा अटी या नावाचा विभाग असतो. तेथे सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीमध्ये ‘लाइव्ह प्लस’, सोनीच्या काही संचांत ‘सांबा’ अशा नावांनी ही व्यवस्था दिलेली असते. ती बंद करावी. त्याबरोबरच आवडीनुसार जाहिराती दाखवण्याची आणि आवाज ओळखण्याची संमतीही काढून घ्यावी. टीव्ही चालतच राहतो, कार्यक्रमांच्या काही शिफारशी तेवढ्या कमी होतात. शक्य असल्यास टीव्ही फॅक्टरी रीसेट करून सगळी पाने पुन्हा समोर आणावीत आणि या वेळी घरातील इंग्रजी वाचणाऱ्या व्यक्तीला शेजारी बसवून, फक्त आवश्यक तेवढ्याच अटी स्वीकाराव्यात. केबलचे कार्यक्रमच पाहायचे असतील, तर टीव्हीला वायफायचा पासवर्ड देण्याचे कारणच नाही. गूगल टीव्हीवर चालणाऱ्या संचांमध्ये सुरुवातीलाच ‘बेसिक टीव्ही’ हा पर्याय असतो. तो निवडला की टीव्ही साध्या संचासारखा चालतो.

प्रश्न : मी ७४ वर्षांची आहे. यजमानांच्या पश्चात एकटीच राहते. मुलगा अमेरिकेत सॅन होजेजवळ असतो. उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले, म्हणजे मी पडले-झडले तर त्याला तिकडे कळावे. त्याची माया मला समजते. पण मला आता दुपारी मोकळेपणी जमिनीवर आडवे होता येत नाही. केस विंचरतानासुद्धा नजर वर जाते. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी एकदा विचारले, “वहिनी, हा मला बघायला लावलाय का?” मला उत्तर सुचले नाही. मुलाला सांगितले तर म्हणतो, “आई, मीच तर बघतो, परका कोण आहे?” त्याला न दुखवता काय करावे? — एक आजी, कोल्हापूर

उत्तर : तुमचे पत्र मी तीनदा वाचले. स्वतःच्या घरात दुपारी आडवे होताना संकोच वाटणे ही लहान गोष्ट नाही, आणि तुम्ही ती सोसत राहावे असे मला मुळीच वाटत नाही.

“मीच तर बघतो” हे तुमचा मुलगा मनापासून म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. अशा बहुतेक कॅमेऱ्यांतील चित्रण कंपनीच्या संगणकांमार्फत त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचते आणि अनेकदा ते तेथेच साठवलेही जाते. अमेरिकेतील रिंग या कॅमेरा कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये कारवाई केली, तेव्हा तक्रारीत नमूद होते की कर्मचाऱ्यांना आणि कंत्राटी कामगारांना ग्राहकांच्या घरातील चित्रण पाहण्याची सर्रास मुभा होती आणि एका कर्मचाऱ्याने स्त्रियांच्या न्हाणीघरांतील व शयनगृहांतील कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ पाहिले होते. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील तपासणीच्या वेळचे चित्रण बाहेर जाऊन समाजमाध्यमांवर विकले गेल्याचे उघड झाले. त्या कॅमेऱ्यांकडेही कोणीतरी सुरक्षेची सोय म्हणूनच पाहिले असणार. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेची सरकारी चाचणी सक्तीची झाली आहे, हे चांगले झाले. पण चाचणीने कॅमेरा कुठे लावावा हे ठरत नाही.

मुलाला दोष न देता तुम्ही त्याच्याशी बोलू शकता. त्याची काळजी एका गोष्टीची आहे: तुम्हाला काही झाले तर त्याला लगेच कळावे. त्यासाठी तुमचे दिवसभराचे वावरणे दिसण्याची गरज नाही. दाराबाहेरचा कॅमेरा ठेवावा, घरातले दोन्ही काढावेत. गळ्यात किंवा मनगटावर बांधायचे, दाबल्यावर ठरलेल्या माणसांना फोन लावणारे बटण मिळते. ते न्हाणीघरातही उपयोगी पडते, जेथे ज्येष्ठांचे पडण्याचे प्रसंग बरेच होतात आणि जेथे कोणीही कॅमेरा लावणार नाही. शिवाय रोजची एक ठरलेली वेळ असावी. तुमचे सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात त्याच्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. त्या वेळी तुमचा फोन आला नाही, तर त्याने शेजाऱ्यांना फोन करावा. एवढ्यानेही त्याचे समाधान झाले नाही, तर एकच कॅमेरा दिवाणखान्यात दरवाजाकडे तोंड करून ठेवावा, चित्रण कंपनीकडे न पाठवता कॅमेऱ्यातील मेमरी कार्डावर घ्यावे, पासवर्ड बदलून दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डखेरीज मोबाइलवर येणारा कोडही मागणारी) सुरू करावी आणि दुपारचे तास तो बंद राहील अशी वेळ लावून द्यावी. कॅमेऱ्यावर टाकायला एक रुमाल हाताशी असू द्या. तो टाकण्यासाठी तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

मावशींना मात्र आजच उत्तर द्या. कॅमेरा कोणी, कशासाठी लावला, तो आवाजही टिपतो का, चित्रण किती दिवस राहते, हे त्यांना स्पष्ट सांगा आणि मोबाइलवर काय दिसते ते एकदा दाखवा. त्यांनी विचारले, हा त्यांचा मोठेपणा आहे. घरकामाला येणाऱ्या असंख्य स्त्रिया विचारू शकत नाहीत, आणि दुसऱ्याच्या घरातल्या कॅमेऱ्याला त्यांनी कधी होकार दिलेला नसतो. व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी घेतलेल्या माहितीला आपला नवा डेटा संरक्षण कायदा लागू होत नाही. म्हणून येथे त्यांचा मान राखणे सर्वस्वी घरमालकाच्या हातात राहते.

प्रश्न : आमचा नवा एसी रिमोटवर चालतो, पण वीजवापराचा तपशील आणि वेळापत्रक ही कामे ॲपशिवाय होत नाहीत. ॲप ठिकाण, संपर्कयादी आणि मायक्रोफोन यांची परवानगी मागते. एसीला माझी संपर्कयादी कशाला हवी? तसेच जमीन झाडणारा रोबो घ्यावा असे घरात चालले आहे. तो घराचा नकाशा बनवतो म्हणे. त्यात काही धोका आहे का? — एक गृहिणी, ठाणे

उत्तर : संपर्कयादी कशालाच नको, ती नाकारा. मायक्रोफोनही नाकारा. ठिकाणाच्या बाबतीत मात्र थोडे न्यायाने बोलले पाहिजे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये जवळचे ब्लूटूथ किंवा वायफाय उपकरण शोधण्यासाठीसुद्धा ठिकाणाची परवानगी लागत असे, त्यामुळे प्रथम जोडणी करताना ती मागितली जाणे हे दरवेळी लबाडीचे लक्षण नसते. जोडणी होईपर्यंत ‘ॲप वापरताना’ एवढीच परवानगी द्यावी आणि एसी जोडला गेला की मोबाइलच्या सेटिंगमधून ती काढून घ्यावी. तरीही एसी चालत राहिला, तर ती परवानगी नंतर अनावश्यक होती हे उघडच आहे.

अकारण मागणी करणारे उत्पादक थोडे नाहीत. ब्रिटनमधील ‘विच’ या ग्राहक संस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये तपासलेल्या तीन एअर फ्रायरच्या ॲपना मोबाइलवरून आवाज ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी हवी होती, आणि त्यामागचे कारण दिलेले नव्हते. माझ्या घरी वॉशिंग मशीनच्या ॲपने जन्मतारीख भरल्याशिवाय पुढे जाऊ दिले नाही. सेवा केंद्रात विचारले, तेव्हा “सिस्टिममध्ये लागते” एवढेच उत्तर मिळाले. मी ॲप काढून टाकले आणि यंत्र आजही पुढच्या बटणांवर उत्तम कपडे धुते. तेव्हापासून वस्तू घेण्यापूर्वी मी दुकानदाराला एकच प्रश्न विचारते: इंटरनेट नसेल तर यातले काय काय चालणार नाही? त्याला उत्तर देता आले नाही, तर मी ती वस्तू घेत नाही.

रोबोविषयी. जमीन झाडण्यासाठी त्याला खोलीचा आराखडा लागतो हे खरे आहे. तो कोठे साठवला जातो आणि रोबोला कॅमेरा आहे का, हे महत्त्वाचे. काही रोबो लेझर किरणांनी अंतर मोजतात, काहींना कॅमेरा असतो. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने उघड केले की रूम्बा रोबोंनी २०२० मध्ये घरांच्या आत टिपलेली काही छायाचित्रे, त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेही, व्हेनेझुएलातील कामगारांमार्फत समाजमाध्यमांवर पोहोचली होती. रोबोला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी छायाचित्रांवर खुणा करण्याचे काम त्या कामगारांना दिलेले होते. हे विकसनासाठी वापरलेले खास रोबो होते आणि ते वापरणाऱ्यांनी संमती दिली होती, असे रूम्बा बनवणाऱ्या आयरोबोट या कंपनीने स्पष्ट केले. संमती देताना त्या स्त्रीच्या डोळ्यांसमोर हे चित्र असेल, असे मला वाटत नाही.

याच कंपनीची पुढची वाटचालही ध्यानात घ्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सुमारे १७० कोटी डॉलरला ती विकत घेण्याचे ॲमेझॉनने जाहीर केले. युरोपीय नियामकांची मान्यता मिळण्याची चिन्हे न दिसल्याने जानेवारी २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि तिची मालकी तिचे रोबो बनवणाऱ्या चिनी उत्पादकाकडे जाण्याचे ठरले. ग्राहकाने विश्वास एका कंपनीवर टाकलेला असतो, आणि त्याच्या घराचा नकाशा कंपनीबरोबर नव्या मालकाच्या हाती जाऊ शकतो. तुम्हाला रोबो घ्यायचाच असेल, तर कॅमेरा नसलेला आणि ॲपशिवाय बटणावर चालणारा घ्यावा. तुमच्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठीच्या स्वतंत्र वायफायची सोय असेल, तर एसी, रोबो, टीव्ही ही सगळी मंडळी त्यावर जोडावीत आणि मोबाइल व संगणक मुख्य वायफायवर ठेवावेत. राउटरचा मूळ पासवर्ड तेवढा आधी बदला.

प्रश्न : खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, डेटा संरक्षणाचा कायदाही झाला आहे. मग कंपनीविरुद्ध तक्रार कुठे करायची? — विधी शाखेचा एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने तो निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मात्र कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असली पाहिजे, ती काढून घेणे देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती हवी, असे हा कायदा सांगतो. त्यातील एक तरतूद मला फार मोलाची वाटते: संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय ग्राहकाला असला पाहिजे. त्या अनुसूचीत मराठी आहे. नाशिकच्या गुरुजींना ती पाने मराठीत मिळाली असती, तर रिमोट दुसऱ्याच्या हाती गेला नसता.

या कायद्यात दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, पण तो भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होतो आणि ज्याची माहिती गेली त्याला या कायद्याखाली भरपाई मिळत नाही. ही उणीव मला गंभीर वाटते. म्हणून सध्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हाच अधिक उपयोगाचा. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. याच कायद्याखालील ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ग्राहकाला वैयक्तिक माहिती देण्यास भाग पाडणाऱ्या ॲप व संकेतस्थळांच्या रचनांनाही मनाई आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तरीही दाद लागली नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी तेथे शुल्क नाही.

कंपनीला पाठवायचा मजकूर असा असू शकतो. बिलाची प्रत सोबत जोडावी:

“मी दिनांक … रोजी आपले … हे उपकरण विकत घेतले. त्याद्वारे माझ्या घरातील कोणती माहिती आपण गोळा करता, ती कोठे व किती काळ साठवता आणि कोणाला देता, हे मला लेखी व मराठीत कळवावे. उपकरण चालण्यासाठी आवश्यक नसलेल्या सर्व बाबींची संमती मी या पत्राद्वारे काढून घेत आहे. आतापर्यंत गोळा केलेली माहिती पुसून टाकून तसे मला कळवावे. संमती काढून घेतल्यामुळे उपकरणाचे कोणते काम बंद पडणार असेल, तर ते कोणते आणि का, हेही कृपया लिहावे.”